मेसेज पोचला, पण मोटर चालू झाली का? जोडीतल्या वायरलेस उपकरणांचं दुतर्फा बोलणं



कानातले इयरबड, मनगटावरचं स्मार्टवॉच, कारची रिमोट चावी. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. दोन छोटी उपकरणं असतात, मध्ये वायर नसते, आणि आजूबाजूला शेकडो सिग्नल असूनही ती दोघं फक्त एकमेकांचंच ऐकतात. यालाच आपण ‘पेअर केलं’ म्हणतो. हे बोलणं आतून कसं चालतं, ते आजच्या लेखात बघूया.

उदाहरण मात्र मी इयरबडचं घेणार नाही. इयरबडमध्ये एखादा मेसेज हरवला तर गाणं क्षणभर अडकतं, एवढंच. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण मूळचा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातला. आमच्याकडे अशा जोडीचं एक टोक घरात असतं आणि दुसरं शेतातल्या विहिरीवरच्या स्टार्टरला लावलेलं असतं. तिथे मेसेज हरवला तर मोटर जळू शकते, रात्रभर पाणी वाहून जाऊ शकतं, आणि वाईटात वाईट म्हणजे विहिरीत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून हा विषय समजून घ्यायला विहिरीची मोटर सगळ्यात चांगली.

शेतात ही जोडी कशाला लागते?

शेतीपंपाच्या फीडरला थ्री फेज वीज चोवीस तास नसते. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की कुणीतरी बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची, बारे द्यायचे. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, संगमनेर, अकोले या सगळ्या पट्ट्यात उसाच्या रानात बिबट्याचा वावर आहे. अंधारात उसाच्या कडेने चालत जाणं म्हणजे काय, हे इकडच्या पोरांना सांगायची गरज नाही.

यावर जुना उपाय म्हणजे ऑटो स्विच. वीज आली की तो आपोआप मोटर चालू करतो. पण फीडरवरच्या सगळ्यांनी ऑटो लावला की वीज येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम उचलतात आणि डीपीवर ताण येतो. म्हणूनच ऑटो स्विच वापरू नका असं महावितरण सांगत असतं. शिवाय ऑटोला विहिरीत पाणी आहे का, आज पाणी द्यायचंय का, हे काही कळत नाही.

दुसरा उपाय मोबाईलचा. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे त्यातलं गाजलेलं नाव. मोबाईलवरून शेतातला पंप चालू-बंद करायचा आणि तिथे वीज आहे का तेही विचारायचं, अशी ती सोय. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत तिला बक्षीसही मिळालं होतं. आज बाजारात असे ‘मोबाईल स्टार्टर’ भरपूर मिळतात. मात्र त्यांना सिम लागतं, रिचार्ज लागतो आणि विहिरीपाशी रेंज लागते. अकोल्याच्या डोंगराळ भागात, भंडारदरा-घाटघरकडे, रेंज कुठे जाईल याचा नेम नाही.

तिसरा उपाय मुळावर घाव घालणारा. दिवसाच वीज द्या! सौर ऊर्जेवर फीडर चालवण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचा. हे काम वाढतंय तसा रात्रीचा फेरा कमी होतोय. पण दिवसासुद्धा घर आणि विहीर यांत किलोमीटरभर अंतर असतंच.

म्हणून चौथा उपाय, आपल्या आजच्या विषयाचा. एक डबा घरात, एक डबा विहिरीवर. मध्ये सिम नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही. दोघांचा स्वतःचा रेडिओ.

एकेरी आणि दुतर्फा यात फरक काय?

टीव्हीचा रिमोट एकेरी आहे. तो इन्फ्रारेड प्रकाशाचा ठोका सोडतो आणि विसरून जातो. चॅनेल बदललं नाही तर तुम्ही पुन्हा बटण दाबता. म्हणजे परतीचं काम तुमचे डोळे करतात. टीव्ही समोर असतो म्हणून हे चालून जातं.

विहीर समोर नसते. घरात बसून ‘चालू’चं बटण दाबलं, आता पुढे काय झालं ते कोण सांगणार? ते विहिरीवरच्या डब्यानेच परत सांगायला हवं. याला दुतर्फा संवाद म्हणायचं.

इथे एक गंमत आहे. दोन्ही डब्यांत पाठवणारा आणि ऐकणारा असे दोन्ही भाग असतात, पण बहुतेक स्वस्त मॉड्यूलमध्ये अँटेना एकच आणि फ्रिक्वेन्सीही एकच असते. त्यामुळे एका वेळी एकच काम, बोलायचं किंवा ऐकायचं. ओढ्यावरच्या एकपदरी पुलासारखं. इकडची गाडी पार झाली की मगच तिकडची सुटायची. दोन्हीकडून एकदम घुसल्या तर मध्येच अडकणार. रेडिओत याला टक्कर म्हणजे कोलिजन म्हणतात. दोन्ही मेसेजचा चिखल होतो आणि कुणालाच काही कळत नाही.

पेअरिंग म्हणजे नक्की काय?

हवेत कुंपण घालता येत नाही. तुमच्या डब्याने सोडलेली लहर शेजारच्या वस्तीवरही जाते. पेअरिंग म्हणजे दोघांनी आधीच तीन-चार गोष्टी ठरवून ठेवणं.

पहिली, कुठे भेटायचं, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर. दुसरी, किती वेगाने बोलायचं. तिसरी, कोणत्या नावाने हाक मारायची, म्हणजे पत्ता. आणि चौथी, खूण काय, म्हणजे गुपित की.

क्लासिक ब्लूटूथ तर एका जागी थांबतच नाही. ७९ चॅनेलमध्ये तो सेकंदाला १६०० उड्या मारतो, आणि पुढची उडी कुठे हे फक्त जोडीतल्यांनाच माहीत असतं. इयरबड पहिल्यांदा जोडताना फोन जी की साठवून ठेवतो, तीच दुसऱ्या दिवशी कामाला येते. म्हणून तर डबी उघडली की ते आपोआप जुळतात. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये वापरतात तो एचसी-०५ हाही ब्लूटूथच. त्यात एकाला मास्टर, दुसऱ्याला स्लेव्ह करून, मास्टरला दुसऱ्याचा पत्ता बांधून दिला की जोडी कायमची.

ईएसपी३२ चिपमध्ये ‘ईएसपी-नाऊ’ नावाची सोय असते. तिथे दुसऱ्या चिपचा मॅक पत्ता आपल्या यादीत घालायचा, बस. राउटर लागत नाही.

आणि एनआरएफ२४एल०१ प्लस हे छोटं स्वस्त मॉड्यूल. त्यात आपण स्वतः ३ ते ५ बाइटचा पत्ता ठरवतो. आता इथे गंमत बघा. इंटरनेटवर एखादा प्रोग्राम सापडतो, त्यात पत्ता आणि चॅनेल आयते लिहिलेले असतात. गावातल्या दोघांनी तोच प्रोग्राम जसाच्या तसा टाकला, तर एकाचं बटण दाबल्यावर दुसऱ्याची मोटर उचलेल. पत्ता आयता ठेवायचा नाही, हा पहिला नियम.

पोच : परत आलेला निरोप

पोस्टाची पोचपावती तुम्हाला माहीत असेल. पत्र मिळालं की घेणाऱ्याची सही होऊन ती पावती पाठवणाऱ्याकडे परत येते. रेडिओत याला ॲकनॉलेजमेंट म्हणतात. आपण सरळ ‘पोच’ म्हणू.

ही कल्पना जुनी आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ हे रेडिओ नेटवर्क सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनल्स एकाच फ्रिक्वेन्सीवरून मुख्य कॉम्प्युटरला मेसेज पाठवायची. टक्कर झाली तर? नियम साधा होता. पोच आली नाही तर थोडं थांबा आणि पुन्हा पाठवा. थांबायचं मात्र प्रत्येकाने वेगवेगळा, मनाला येईल तेवढा वेळ, नाहीतर दोघं परत एकदमच बोलणार. आपल्या वायफायमध्येही हीच युक्ती सुधारलेल्या रूपात आहे.

एनआरएफ२४ मध्ये हे काम चिप स्वतःच करते. एका वेळी जास्तीत जास्त ३२ बाइटचा मेसेज पाठवायचा, १३० मायक्रोसेकंदात बोलण्यातून ऐकण्यात यायचं आणि पोचेची वाट बघायची. किती वाट बघायची ते आपण ठरवतो, २५० ते ४००० मायक्रोसेकंद. पोच नाही आली तर पुन्हा पाठवायचं, जास्तीत जास्त १५ वेळा.

आता हिशोब करा. १५ वेळा, प्रत्येक वेळी ४ मिलिसेकंद, म्हणजे ६० मिलिसेकंद आणि वर थोडा मेसेज पाठवण्याचा वेळ. एवढ्यात चिप हार मानते. शेजारच्या मोटरचा कॉन्टॅक्टर पडताना होणारा खडखडाट याहून जास्त वेळ चालू शकतो. म्हणून चिपच्या पंधरा प्रयत्नांवर अवलंबून न राहता आपल्या प्रोग्रामने अर्धा सेकंद थांबून पुन्हा विचारावं, मग दोन सेकंदांनी, मग पाच सेकंदांनी.

पोचच हरवली तर?

खरी अडचण इथून सुरू होते. घरच्या डब्याने ‘चालू’ पाठवलं. विहिरीवर ते पोचलं, मोटर चालू झाली, तिकडून पोच निघाली आणि वाटेत हरवली. घरच्या डब्याला वाटतं निरोप गेलाच नाही. तो पुन्हा ‘चालू’ पाठवतो.

तुमचा हुकूम ‘चालू कर’ असा असेल तर काही बिघडत नाही. चालू मोटरला पुन्हा चालू कर म्हटलं तरी ती चालूच राहते. पण बरेच जण एकाच बटणाचं काम ‘असेल त्याच्या उलट कर’ असं लिहितात. मग दुसरा मेसेज पोचला की चालू झालेली मोटर बंद! तिसरा पोचला की परत चालू. पाच सेकंदांत मोटर तीनदा उचलली-पडली तर वायंडिंगचं काय होईल, ते मोटर रिवाइंड करणाऱ्याला विचारा.

म्हणून दोन नियम. हुकूम नेहमी नेमका द्यायचा, ‘चालू’ किंवा ‘बंद’, उलटसुलट नाही. आणि प्रत्येक मेसेजला चढता क्रमांक द्यायचा. विहिरीवरच्या डब्याने शेवटचा क्रमांक लक्षात ठेवायचा. तोच क्रमांक परत आला तर काम पुन्हा करायचं नाही, फक्त पोच पुन्हा द्यायची.

‘मग पोचेचीही पोच घेऊ’ असं कुणी म्हणेल. पण त्या दुसऱ्या पोचेचं काय? तीही हरवू शकते. कॉम्प्युटर सायन्समध्ये याला ‘दोन सेनापतींचा पेच’ म्हणतात. १९७५ मध्ये तो एका शोधनिबंधात आला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला हे नाव दिलं. किल्ल्याच्या दोन बाजूंना दोन सेनापती आहेत. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय मिळणार, पण निरोप नेणारा जासूद वाटेत पकडला जाऊ शकतो. कितीही जासूद पाठवले तरी दोघांनाही शंभर टक्के खात्री कधीच होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

याचा अर्थ हताश व्हायचं असा नाही. अर्थ असा, की निरोप हरवणारच हे धरून चालायचं आणि हरवला तरी नुकसान होणार नाही अशी रचना करायची.

तीन पोच आणि व्हॉट्सॲपच्या टिक

व्हॉट्सॲपवर एक टिक म्हणजे मेसेज सर्व्हरपर्यंत गेला. दोन टिक म्हणजे समोरच्याच्या फोनमध्ये पोचला. निळ्या टिक म्हणजे त्याने उघडून बघितला. आता तुम्ही भावाला लिहिलं, ‘येताना दूध आण’, आणि निळ्या टिक आल्या. दूध आलं का? नाही ना! ते पिशवी घरात आल्यावरच कळणार.

आपल्या जोडीतही अगदी तसंच आहे. पोचेच्या तीन पायऱ्या लक्षात ठेवा.

१) रेडिओची पोच. समोरच्या चिपला मेसेज नीट मिळाला, एवढंच ती सांगते. एनआरएफ२४ ची आपोआप येणारी पोच याच प्रकारची. ईएसपी-नाऊमध्ये ‘यशस्वी’ असं उत्तर येतं तेही याच पायरीचं. समोरचा प्रोग्राम अडकून पडला असला तरी ते येऊ शकतं.

२) प्रोग्रामची पोच. विहिरीवरच्या प्रोग्रामने मेसेज वाचला, क्रमांक तपासला, रिले ओढला आणि मग स्वतःहून उत्तर लिहून पाठवलं.

३) कामाची पोच. मोटर खरंच फिरतेय का? रिले ओढला म्हणजे मोटर चालू झाली असं होत नाही. एक फेज गेलेली असेल, ओव्हरलोड ट्रिप झालेला असेल, केबल उंदराने कुरतडलेली असेल. हे कळायला मोटरच्या वायरभोवती करंट मोजणारी कडी, म्हणजे सीटी बसवायची. करंट नेहमीइतका दिसला तरच ‘मोटर चालू’ असं परत पाठवायचं. या कडीचा आणखी एक फायदा आहे. विहिरीतलं पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली की करंट एकदम खाली येतो. विहिरीवरचा डबा घरच्या हुकमाची वाट न बघता तिथल्या तिथे मोटर बंद करू शकतो.

घरच्या डब्यावर मी तीन वेगवेगळे दिवे ठेवतो. पिवळा, निरोप पोचला. निळा, रिले ओढला. हिरवा, मोटर फिरतेय. पिवळा आणि निळा लागून हिरवा लागला नाही, तर रेडिओ ठीक आहे आणि भानगड स्टार्टरमध्ये आहे, हे अंथरुणातूनच कळतं. वायरमनला फोनवर नेमकं काय सांगायचं तेही कळतं.

आणि दुसरं टोक गप्प बसलं तर?

मोटर चालू झाली, हिरवा दिवा लागला, आणि नंतर संपर्क तुटला. आता बंदचा हुकूम पोचणार कसा?

यासाठी हुकमाला मुदत जोडायची. नुसतं ‘चालू’ नाही, तर ‘३० मिनिटं चालू’. घरचा डबा दर १० मिनिटांनी मुदत वाढवत राहतो. संपर्क तुटला की मुदत वाढत नाही आणि तीस मिनिटांनी मोटर आपोआप थांबते. रात्रभर पाणी फुटून बांध वाहून जाण्यापेक्षा अर्धं रान कोरडं राहिलेलं परवडतं.

दुसरी गोष्ट, विहिरीवरच्या डब्याने दर मिनिटाला ‘मी आहे’ एवढा छोटा मेसेज पाठवायचा. सोबत वीज आहे का, तिन्ही फेज आहेत का, हेही सांगायचं. पण वीज गेली की तो डबाच बंद पडला तर? मग घरी फक्त शांतता. वीज गेली, डबा बिघडला की अँटेना कुणी तोडली, काहीच कळणार नाही. म्हणून विहिरीवरच्या डब्याला छोटी लिथियम बॅटरी हवीच. ‘वीज गेली’ हे सांगायलाही वीज लागते!

कोणता रेडिओ घ्यायचा?

आता अंतराचं बघू. एचसी-०५ सारखा ब्लूटूथ साधारण १० मीटरचा गडी. साधं एनआरएफ२४ मोकळ्या जागेत शंभर मीटरच्या आसपास. ईएसपी-नाऊ मोकळ्या रानात दोनेकशे मीटर. हे तिन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात.

घरापासून गोठ्यापर्यंत हे ठीक. विहिरीसाठी मात्र एक स्थानिक अडचण आहे, ऊस. उसाच्या पानांत आणि कांड्यांत पाणी भरलेलं असतं, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओला हिरवा पाला बऱ्यापैकी खाऊन टाकतो. लागवडीच्या वेळी छान चालणारी जोडी ऊस दहा-बारा फूट झाल्यावर, त्यात पावसाळ्यात, बोलेनाशी होते. मॉड्यूल खराब नसतं, मध्ये हिरवी भिंत उभी राहिलेली असते.

यासाठी ‘लोरा’ चांगलं. हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ कंपनीचं. २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी घेतली. लोरा एकाच सुरावर न बोलता सूर चढवत किंवा उतरवत नेतं, त्यामुळे गोंगाटाखाली दबलेला क्षीण सिग्नलही ओळखता येतो. समोरासमोर दृष्टीची रेषा मोकळी असेल तर काही किलोमीटर सहज.

पण लोराची किंमत वेळेत मोजावी लागते. त्यात ‘स्प्रेडिंग फॅक्टर’ ७ ते १२ असतो. आकडा वाढवला की पल्ला वाढतो आणि वेग कमी होतो. मी हिशोब केला. १२५ किलोहर्ट्झ रुंदीवर १० बाइटचा मेसेज ७ वर साधारण ४१ मिलिसेकंदात जातो, १२ वर जवळजवळ एक सेकंद लागतो. म्हणजे निरोप एक सेकंद, पोच एक सेकंद. पोचेसाठी अर्धाच सेकंद थांबणारा प्रोग्राम असेल तर तो पोच निघायच्या आत पुन्हा बोलायला लागणार आणि स्वतःच टक्कर घडवणार. थांबायचा वेळ रेडिओच्या वेगाप्रमाणे ठरवायचा.

१० बाइटमध्ये काय मावतं? जोडीचा क्रमांक २ बाइट, मेसेजचा क्रमांक २, हुकूम १, मुदतीची मिनिटं १ आणि गुपित की वापरून काढलेली सही ४. एवढं पुरतं. सही कशाला? जुन्या साध्या रिमोटमध्ये कोड कायम तोच असतो. कुणी तो एकदा टिपून पुन्हा वाजवला की काम झालं. मेसेजचा क्रमांक दर वेळी बदलत असेल आणि सही त्यावरून काढलेली असेल, तर कालचा टिपलेला मेसेज आज चालत नाही. कारच्या चाव्यांमधली बदलत्या कोडची कल्पना हीच.

परवान्याचं काय?

हवेतल्या फ्रिक्वेन्सी सरकारच्या ताब्यात असतात, काही पट्टे ठराविक ताकदीपर्यंत परवान्याशिवाय मोकळे केलेले आहेत. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा त्यातला एक. एनआरएफ२४ मात्र २५२५ पर्यंत जाऊ शकतं, कारण त्याचे चॅनेल ० ते १२५ आहेत आणि प्रत्येक १ मेगाहर्ट्झचा. म्हणून ८३ च्या वरचे चॅनेल वापरू नका. ७६ ते ८० हे बरे, कारण नेहमीच्या वायफायचा ११ वा चॅनेल त्यांच्या खालीच संपतो.

लोरासाठी आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून मोकळा आहे. दुकानात स्वस्तात मिळणारं आरए-०२ मॉड्यूल मात्र ४३३ मेगाहर्ट्झचं असतं, त्यातली एसएक्स१२७८ चिप ५२५ च्या वर जातच नाही. भारतात ४३३ ते ४३४ ची सूट अतिशय कमी ताकदीच्या, इमारतीच्या आतल्या वापरासाठी आहे. शेतासाठी घेताना ८६८ चं मॉड्यूल मागा आणि प्रोग्राममध्ये फ्रिक्वेन्सी ८६६ च्या आसपास ठेवा.

अँटेनाही त्याच मापाची हवी. ८६६ मेगाहर्ट्झची लहर साधारण ३४.६ सेंटीमीटरची, तिचा पाव भाग म्हणजे ८.७ सेंटीमीटरची तार. आणि ती उसाच्या तुऱ्याच्या वर, पाइपवर चढवून लावायची. महागडं मॉड्यूल घेण्यापेक्षा पाइप दोन मीटरने वाढवणं स्वस्त पडतं आणि उपयोगही जास्त होतो.

विहिरीत माणूस असेल तर

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी फुटव्हॉल्व्ह साफ करायला विहिरीत उतरलंय, किंवा स्टार्टर उघडून बसलंय, आणि घरात कुणी बटण दाबलं. रेडिओ पक्का असेल तितका धोका मोठा, कारण निरोप नक्की पोचणार!

म्हणून विहिरीवर ‘इथून / घरून’ असा खटका हवा. तो ‘इथून’वर असेल तर रेडिओचा हुकूम रिलेपर्यंत जाताच कामा नये. आणि हे प्रोग्राममध्ये लिहून भागत नाही, वायरच तुटली पाहिजे. शिवाय मोटरवर काम करण्याआधी मेन स्विच पाडायचा आणि फ्यूज काढून खिशात ठेवायचे. ही जुनी सवय रेडिओ आला म्हणून सोडायची नाही. रिमोटची चिठ्ठीही पेटीवर लावा, ‘ही मोटर लांबून चालू होते’. नवीन आलेल्या गड्याला, पाहुण्याला ते माहीत नसतं.

स्टार्टरची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. थ्री फेजमध्ये दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. साधारणपणे चालूचा रिले हिरव्या बटणाला समांतर आणि बंदचा रिले लाल बटणाच्या ओळीत येतो, म्हणजे हाताची बटणं पहिल्यासारखीच चालतात. डबा बंद पडला तरी मोटर हाताने चालवता आली पाहिजे.

करून बघायचं असेल तर

थेट विहिरीवर जाऊ नका. टेबलावर दोन ईएसपी३२ घ्या, रिलेच्या जागी एलईडी लावा. आधी निरोप आणि पोच जमवा. मग मुद्दाम त्रास द्या. एकाची अँटेना काढण्याऐवजी तो पत्र्याच्या डब्यात ठेवा, कारण अँटेनाशिवाय लोरा मॉड्यूलने पाठवलं तर चिप खराब होऊ शकते. बोलता बोलता एकाची वीज काढा. एकच मेसेज तीनदा पाठवा. प्रत्येक वेळी दोनच प्रश्न विचारा. घरच्या डब्याला खरं काय ते कळलं का? आणि कळलं नसेल तर विहिरीवरच्या डब्याने नुकसान न होऊ देणारा मार्ग धरला का?

दोन्हींची उत्तरं दर वेळी ‘हो’ येईपर्यंत जोडी टेबलावरच राहू द्या. तुमच्या घरी शेती नसली तरी हे टेबलावरचं काम करून बघण्यासारखं आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी, गोठ्यातला पंखा, सोसायटीच्या गच्चीवरची मोटर, सगळीकडे हीच रचना लागते. बदलतो तो फक्त शेवटचा सेन्सर. तिसरी पोच मात्र कुठेही सोडू नका.